आयसीयूतला फार्मासिस्ट: डोस लिहिल्यानंतरचं गणित

आयसीयूतल्या रुग्णाला एका वेळी दहा-पंधरा औषधं चालू असणं नवलाचं नाही. प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर असलं, तरी ती सगळी मिळून त्या शरीराला चालतीलच असं नाही. हे तपासणारा फार्मासिस्ट काउंटरमागे नसतो, डॉक्टरांबरोबर राउंडला असतो. बोस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या आयसीयूत हा प्रयोग झाला. औषध लिहिण्यातल्या चुकांमुळे होणारे, टाळता येण्यासारखे दुष्परिणाम त्यामुळे ६६ टक्क्यांनी घटले, असं १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

रक्तदाब सावरणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन घ्या. ४ मिलिग्रॅम औषध एकूण ५० मिलिलिटर द्रावणात, म्हणजे दर मिलिलिटरला ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम हवं, तर तासाला ३६० मायक्रोग्रॅम लागतं. सिरिंज पंप ताशी ४.५ मिलिलिटरवर लावायचा. हिशेब सोपा आहे, फसगत लेबलवर होते. काही अँप्यूलवर बायटार्ट्रेट क्षाराचं वजन छापलेलं असतं आणि २ मिलिग्रॅम क्षारात मूळ औषध जेमतेम १ मिलिग्रॅम असतं. ‘४ मिलिग्रॅम’ क्षार भरला गेला, की पंपावर आकडा तोच, पण रुग्णाला डोस निम्मा. दाब चढत नाही म्हणून वेग दुप्पट केला जातो. पुढची सिरिंज कुणी बरोबर भरली आणि वेग तोच राहिला, की दाब एकदम उसळतो. म्हणून अख्ख्या युनिटमध्ये एकच तीव्रता आणि एकच लेबल ठरवून घेणं हे फार्मासिस्टचं पहिलं काम.

झटके थांबवणाऱ्या फेनिटॉइनची गोष्ट याहून फसवी. रक्तातलं सुमारे ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं, काम करतं ते उरलेलं मोकळं. गंभीर आजारात अल्ब्युमिन घसरतं. रिपोर्टमध्ये पातळी (मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये) ८ आणि अल्ब्युमिन (डेसिलिटरला ग्रॅममध्ये) २ असेल, तर ८ ला (०.२ × २ + ०.१) म्हणजे ०.५ ने भागायचं: उत्तर १६. अपेक्षित पातळी १० ते २०. नुसता ८ पाहून डोस वाढवला, तर रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. अर्थात हे सूत्र अंदाजापुरतंच, मूत्रपिंड निकामी असेल तर तेही चुकतं. मोकळ्या औषधाची पातळी मोजता येत असेल, तर तीच मोजावी.

मूत्रपिंडाकडे तर रोज नव्यानं पाहावं लागतं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा एक-दोन दिवस मागून धावतो, त्यामुळे लघवीचं प्रमाणही बघायचं. उलट, अपघातातल्या तरुण रुग्णाची मूत्रपिंडं कधीकधी इतकी जोरात चालतात की मेरोपेनेमसारखं प्रतिजैविक झटपट बाहेर पडतं आणि नेहमीचा डोस पुरत नाही. मग प्रत्येक डोस तीन तासांत हळूहळू सोडतात.

बाकी लक्ष लाइनवर, म्हणजे शिरेत औषध सोडणाऱ्या नळीवर. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक आणि कॅल्शियम एकत्र आले की साका बसतो, डेक्स्ट्रोजमध्ये फेनिटॉइनचे स्फटिक होतात. राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून जठरात जाणाऱ्या नळीतून द्यायची म्हणून सावकाश विरघळणारी गोळी कुटली, तर दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

यासाठी फार्मसीची पदवी पुरत नाही. त्यानंतर रुग्णालयातलं प्रशिक्षण लागतं, आणि भर राउंडमध्ये ‘हा डोस जास्त होतोय’ म्हणण्याची तयारीही. रुग्ण वॉर्डात हलताना पुन्हा एकदा यादी वाचायची: व्हेंटिलेटरवर असताना जठरात रक्तस्राव होऊ नये म्हणून सुरू केलेलं पँटोप्राझोल, गरज संपल्यावरही, बऱ्याचदा घरी जातानाच्या चिठ्ठीत तसंच राहून गेलेलं असतं.