पंखावरचं कापड: कडेचा गोंद आणि रिबवरचे टाके

घरी विमान बांधणारे पंखाला कापड चढवायच्या टप्प्यावर आले की एक प्रश्न हमखास विचारतात: गोंदाने कापड इतकं पक्कं बसलंय, मग प्रत्येक रिबवर, म्हणजे पंखाला घाट देणाऱ्या फासळीवर, पुन्हा टाके कशाला? दोन्ही कामं एकच वाटतात. तशी ती नाहीत, आणि या गोंधळात टाके गाळले तर जिवाशी गाठ आहे.

चिकटपट्टीचा तुकडा टेबलावर दाबून बसवा आणि टेबलाला समांतर ओढा. हलणार नाही. आता त्याचंच टोक नखाने उचलून वर खेचा. सरसर निघून येईल. गोंदाचा स्वभाव असाच असतो: सरकवणारा ताण तो भरपूर सोसतो, सोलणाऱ्या ताणापुढे हार मानतो.

पंखाच्या कडांना पहिल्या प्रकारचा ताण असतो. पॉलिएस्टरचं कापड लीडिंग एज (पंखाची पुढची कड) आणि ट्रेलिंग एजला (मागची कड) गुंडाळून, एकावर एक चढवून चिकटवतात. मग इस्त्री फिरवतात, आधी साधारण 120 अंश सेल्सिअसला, शेवटी 175 च्या आसपास. कापड आक्रसतं आणि ढोलकीच्या पुडीसारखं ताणलं जातं. हा सगळा ताण कडेच्या गोंदावर येतो, पण कापडाच्याच पातळीत, म्हणून गोंद तो पेलतो. (इस्त्रीच्या चकतीवरच्या आकड्यांवर विसंबू नका, थर्मामीटर लावून तपासा. जास्त तापलं तर कापडाचा जीव जातो.)

मधल्या रिबची गोष्ट वेगळी. उडताना पंखाच्या वर हवेचा दाब कमी होतो आणि वरचं कापड रिबपासून उचललं जाऊ पाहतं. पायपर जे-3 कब या कापडी पंखांच्या छोट्या विमानाचं कमाल वजन 553 किलो, पंखाचं क्षेत्रफळ सुमारे 16.6 चौरस मीटर. म्हणजे सरळ उड्डाणातही दर चौरस मीटरमागे सरासरी 33 किलो, आणि 60 अंश कलून उंची राखत वळलं की त्याच्या दुप्पट. यातला मोठा वाटा वरच्या बाजूचा. हा ताण थेट सोलणारा, म्हणून इथे टाकेच हवेत.

गोधडी शिवलेल्या माणसाला ही रीत लगेच कळेल. कापड आक्रसून झाल्यावर रिबवर मजबुतीची पट्टी लावायची, कारण तिच्याशिवाय दोरा कापडात रुततो. मग दाभणापेक्षा कितीतरी लांब सुई वरून आत, रिबच्या शेजारून खाली, आणि दुसऱ्या अंगाने परत वर. दोरा रिबला वेढा घालतो, गाठ बसते, आणि तोच दोरा पुढच्या टाक्याकडे जातो. दोन टाक्यांमधलं अंतर विमानाच्या कमाल वेगावर ठरतं. विमानाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोतात येणाऱ्या भागात टाके जवळजवळ घालतात. काही विमानांत दोऱ्याऐवजी रिव्हेट, स्क्रू किंवा तारेच्या क्लिपा असतात, काम तेच.

पंखाची खालची बाजू आत वळलेली असेल तर क्रम बदलतो. तिथे इस्त्रीआधीच कापड रिबला धरून ठेवावं लागतं, नाहीतर ते ताणून सरळ होतं आणि पंखाचा घाटच हरवतो.

टाक्यांवर शेवटी जी कापडी पट्टी चिकटवतात, तिच्यामुळेही अनेकांची गल्लत होते. रिबवर गोंद लावलेला दिसतो, म्हणून गोंदानेच कापड धरलंय असं वाटतं. ती पट्टी दोऱ्याला ऊन-वारा लागू नये म्हणून असते. भार तिच्या खालच्या गाठींवर असतो.