नव्या बचावफळीतील जुनी नजर

२०२२ चा हंगाम संपला तेव्हा अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघात दोन जागा रिकाम्या झाल्या, आणि त्या दोन्ही बचावफळीच्या अगदी मधल्या होत्या. त्या वर्षी महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम लाइनबॅकरसाठीचा बटकस पुरस्कार मिळवलेला जॅक कॅम्पबेल व्यावसायिक फुटबॉलकडे निघाला होता. पुढे व्यावसायिक संघ नवे खेळाडू घेतात त्या २०२३ च्या वार्षिक निवडीत डेट्रॉइट लायन्सने त्याला अठराव्या क्रमांकावर घेतले. त्याचा जोडीदार सेथ बेन्सन याचीही विद्यापीठातील कारकीर्द संपली होती. यांपैकी एक जागा संघातच वाढलेल्या जे हिगिन्सने घेतली आणि दुसरीसाठी व्हर्जिनिया विद्यापीठातून निक जॅक्सन आला. व्हर्जिनियात त्याने सलग तीन हंगामांत प्रत्येकी शंभराहून अधिक टॅकल केले होते, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला इतक्या वेळा जमिनीवर पाडले होते किंवा पाडण्यात वाटा उचलला होता. एवढा अनुभवी खेळाडू मिळाल्यावर आयोवाची चिंता मिटली, असे कोणालाही वाटले असते. मला मात्र अशा प्रत्येक बदलीच्या वेळी वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: जे दृश्य पाहून या खेळाडूचे पाय आजवर उजवीकडे पडत होते, तेच दृश्य पाहून नव्या संघात ते डावीकडे पडायला हवेत का?

हा प्रश्न समजण्यासाठी आधी लाइनबॅकर कोठे उभा असतो ते पाहू. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याहून हा खेळ निराळा आहे. लंबगोल चेंडू बहुतांशी हातात धरून किंवा फेकून पुढे न्यायचा असतो, आणि प्रत्येक डाव काही सेकंदांत संपतो. आक्रमणाच्या बाजूने सेंटर, त्याच्या दोन्ही हातांना दोन गार्ड आणि त्यांच्या बाहेर दोन टॅकल (येथे हे जागेचे नाव, पाडण्याची क्रिया नव्हे) असे पाच धिप्पाड खेळाडू रेषेवर उभे असतात. त्यांच्यासमोर बचावाचे तीन किंवा चार तितकेच वजनदार गडी असतात. लाइनबॅकर त्यांच्या मागे चार-पाच यार्डांवर उभा राहतो. धावणारा आला तर त्याला अडवायचे, चेंडू फेकला जाणार असेल तर मागे सरून हवेतील वाट बंद करायची आणि प्रशिक्षकाने सांगितले तर थेट क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, चाल करायची, अशी तिन्ही कामे त्याच्याकडे असतात. यांपैकी कोणते काम करायचे हे बहुतेक वेळा डाव सुरू झाल्यानंतरच ठरते.

त्यासाठी वेळ किती मिळतो? दिवा लागताच बटण दाबायचे, इतकी सोपी कृती करायलाही माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. पर्याय वाढले की हा वेळही वाढतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की पर्यायांची संख्या दुप्पट झाली की निर्णयाच्या वेळात जवळजवळ ठरावीक भर पडते. लाइनबॅकरच्या बाबतीत ही भर महागात पडते. चेंडू हातात आल्यावर धावपटू सेकंदाला सहा मीटर या वेगाने निघाला असे धरले, तर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या उशिरात तो १.२ मीटर पुढे गेलेला असतो, आणि ज्या फटीतून तो निसटणार ती जेमतेम मीटरभर रुंद असते. म्हणजे त्या क्षणी विचार करत बसलेला लाइनबॅकर कितीही चपळ असला, तरी तो उशिराच पोहोचतो.

म्हणून निष्णात लाइनबॅकर चेंडूकडे पाहतच नाही. त्याची नजर बहुधा समोरच्या गार्डवर असते. गार्ड पुढे झेपावला तर धाव येणार, मागे सरून ताठ झाला तर फेक होणार, आणि रेषा सोडून आडवा पळू लागला तर डाव त्याच्या मागोमाग त्या दिशेला जाणार. गार्डच्या बोटांवर किती भार आहे यावरून डाव सुरू होण्याआधीच अंदाज बांधणारे खेळाडूही असतात. उत्तम फलंदाज चेंडू सुटण्यापूर्वीच गोलंदाजाच्या हाताच्या हालचालीवरून बरेच काही ओळखतो, तसाच हा प्रकार आहे. येथे दृष्टी इतरांपेक्षा तीक्ष्ण असते असे नाही. पाहिलेल्या गोष्टींची जुळणी मनात आधीच तयार असते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातील पट काही सेकंद दाखवला की निष्णात खेळाडू त्यातील सोंगट्या नवशिक्यापेक्षा कितीतरी अधिक अचूक मांडून दाखवत. सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या की मात्र त्यांचा हा वरचढपणा जवळजवळ नाहीसा होई. त्यांची स्मरणशक्ती असाधारण नव्हती, तर अर्थपूर्ण आकृत्या त्यांच्या ओळखीच्या होत्या.

लाइनबॅकरकडची ही ओळखीच्या आकृत्यांची शिदोरी बदलीनंतरही त्याच्याबरोबर जाते. गार्ड व्हर्जिनियाविरुद्ध ज्या रीतीने आडवा पळतो, त्याच रीतीने तो आयोवाविरुद्धही पळतो. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच असे मांडले होते की एका कामातील शिक्षण दुसऱ्या कामात तेवढेच उतरते, जेवढे त्या दोन कामांतील घटक समान असतात. मानसशास्त्रात याला शिक्षणाचे संक्रमण म्हणतात; इंग्रजीत त्यासाठी ‘ट्रान्सफर’ हाच शब्द वापरला जातो, आणि खेळाडूच्या बदलीलाही तेथे तोच शब्द आहे. या दोन ट्रान्सफरांचे वेग मात्र सारखे नसतात.

कारण दृश्य तेच राहिले तरी उत्तर बदलू शकते. रेषेवरच्या खेळाडूंमधील फटींना अक्षरांची नावे असतात: सेंटर आणि गार्ड यांच्यामधली ए, गार्ड आणि टॅकल यांच्यामधली बी, त्याच्या बाहेरची सी. कोणती फट कोणी बुजवायची हे प्रत्येक बचावपद्धती आपापल्या तर्काने ठरवते. आडवा पळत आलेला गार्ड अंगावर आला की काही पद्धतींत बचावपटूने त्याच्या आतल्या खांद्यावर आदळायचे असते, म्हणजे धावपटूला बाहेरून वळसा घालावा लागतो आणि बाहेर दुसरा गडी वाट पाहत असतो. दुसऱ्या काही पद्धतींत नेमके उलट करायचे असते: बाहेरचा हात मोकळा ठेवून धावपटूला आत, गर्दीत ढकलायचे. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी वापरली तर मध्ये मोकळा रस्ता तयार होतो.

मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगुड यांनी १९४९ मध्ये अशा परिस्थितीचे विश्लेषण केले होते. नवे दृश्य आणि नवे उत्तर असेल तर शिकणे कष्टाचे असते, पण जुने ज्ञान आड येत नाही. दृश्य जुनेच आणि उत्तर मात्र विरुद्ध असेल, तर जुने ज्ञान सर्वांत जास्त अडथळा आणते. बदली होऊन आलेल्या अनुभवी लाइनबॅकरला नेमका हाच त्रास होऊ शकतो, आणि ज्याची सवय जितकी पक्की, त्याला तो अधिक. नवख्या विद्यार्थ्याला फक्त शिकायचे असते. याला आधीचे दाबून ठेवून नवे शिकायचे असते. फळ्यावर विचारले तर तो अचूक सांगतो, पण अठ्ठ्याहत्तराव्या डावात दमलेल्या शरीराने पाव सेकंदात ठरवायची वेळ आली की जुने पाऊल आधी पडते.

भाषेचेही असेच होते. आक्रमणाची भारी बाजू, म्हणजे जिकडे जास्त खेळाडू उभे आहेत ती, उजवी आहे हे सांगण्यासाठी एका संघात ‘रिप’ ओरडतात, दुसऱ्यात ‘रॉजर’. डाव्या बाजूसाठी ‘लिझ’ किंवा ‘लुई’. ऐकलेल्या शब्दाचे मनात भाषांतर करावे लागले तर तेवढ्यातच डाव सुरू झालेला असतो. २०२४ पासून महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत मैदानावरील एका बचावपटूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचवण्याची मुभा मिळाली आहे. तो आवाज डाव सुरू करण्याच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की बंद होतो, आणि त्यानंतर समोरची मांडणी बदलली तर ती सहकाऱ्यांना ओरडून सांगण्याचे काम पुन्हा लाइनबॅकरचेच.

जॅक्सनच्या बाबतीत हे सारे कसे जुळले असेल? व्हर्जिनियात २०२१ पर्यंत ब्रॉन्को मेंडेनहॉल मुख्य प्रशिक्षक होते, आणि रेषेवर तीनच गडी ठेवणाऱ्या बचावासाठी ते ओळखले जातात. अशा रचनेत समोरचा गार्ड पुष्कळदा कोणाच्याही अडथळ्याशिवाय थेट लाइनबॅकरवर चालून येतो. आयोवाचे बचाव प्रशिक्षक फिल पार्कर यांची पद्धत वेगळी आहे. पुढे चार गडी, त्यांच्या मागे दोन लाइनबॅकर आणि पाच चपळ बचावपटू, ज्यांतील एकाला तेथे ‘कॅश’ म्हणतात. क्वार्टरबॅकवर जादा माणसे पाठवण्याचा मोह पार्कर टाळतात. आपापला प्रदेश सांभाळून, डोळे क्वार्टरबॅकवर ठेवून, प्रतिस्पर्ध्याला लहान लहान पावले टाकायला लावणे हा त्यांचा मार्ग. पाच धिप्पाड खेळाडू आणि रेषेला जोडून उभा असलेला टाइट एंड मिळून सात फटी होतात, आणि त्या बुजवायला जवळ फक्त सहा माणसे असतात. सातवी फट मागून धावत येणारा बुजवतो. म्हणून लाइनबॅकरला आपली फट माहीत असून भागत नाही. मदत कोठून आणि किती उशिरा येणार हेही त्याच्या अंगात मुरलेले असावे लागते.

तरीही आयोवाची निवड मला शहाणपणाची वाटते, आणि त्याचे पहिले कारण जॅक्सनच्या टॅकलांत नाही. मेंडेनहॉल गेल्यावर २०२२ मध्ये व्हर्जिनियात नवे प्रशिक्षक आले, त्यामुळे जॅक्सनने एक पद्धत सोडून दुसरी शिकण्याचा सराव आधीच केला होता. दुसरे कारण जागेचे आहे. मधली जागा पार्करांची भाषा आधीपासून बोलणाऱ्या हिगिन्सकडे गेली आणि जॅक्सनला शेजारची, आक्रमणाच्या हलक्या बाजूची जागा मिळाली. आवाज हिगिन्सचा आणि धाव जॅक्सनची, अशी वाटणी झाली की नव्या माणसाच्या निर्णयांची संख्या कमी होते, आणि हिकच्या नियमानुसार त्याचा वेळही वाचतो. २०२३ मध्ये हिगिन्सने १७१ आणि जॅक्सनने ११० टॅकल केले. आयोवाने सामन्यामागे सरासरी १४.८ गुण दिले, आणि पार्कर यांना देशातील सर्वोत्तम साहाय्यक प्रशिक्षकासाठीचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला.

हे टॅकलांचे आकडे मात्र जपून वाचायला हवेत. त्या वर्षी आयोवाचे आक्रमण अतिशय दुबळे होते, त्यामुळे बचावफळीला वारंवार मैदानावर उतरावे लागे. शिवाय ही पद्धतच अशी आहे की धावपटू शेवटी लाइनबॅकरपाशी येतो. चुकीच्या फटीत गेलेल्या लाइनबॅकरची चूक तर आकड्यांत दिसतच नाही; मागून धावत येऊन ज्याने वीस यार्डांवर पाडले, त्याच्या नावावर टॅकल जमा होतो.

याउलट आयव्हन पेस ज्युनिअरची गोष्ट. ओहायोतील मायामी विद्यापीठातून तो २०२२ मध्ये जवळच्याच सिनसिनाटी विद्यापीठात गेला. उंची १८० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे या जागेसाठी कमीच, आणि वजन सुमारे १०५ किलो. सिनसिनाटीच्या बचावात पुढे फक्त तीन गडी असत, त्यामुळे चौथा कोठून येणार हे आक्रमणाला कळत नसे, आणि तो चौथा पुष्कळदा पेस असे. त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य इतका खाली होता की उंच गार्डला त्याला थोपवण्यासाठी वाकावे लागे, आणि वाकलेल्या माणसाचा तोल ढळवणे सोपे असते. मागे सरून मैदानाचा रुंद पट्टा राखायला लावणाऱ्या संघात हीच उंची अडचणीची ठरली असती. त्या हंगामात तो एकमताने अखिल अमेरिकन संघात, म्हणजे देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेला. व्यावसायिक संघांनी मात्र २०२३ च्या निवडीत त्याला घेतले नाही, आणि मिनेसोटा व्हायकिंग्जने नंतर करारबद्ध केल्यावर त्याने तेथेही जागा मिळवली.

आणखी एक उदाहरण याहून विलक्षण आहे. २०२१ मध्ये व्हर्जिनियात जॅक्सनचा सहकारी असलेला जेकब रॉड्रिगेझ तेथे क्वार्टरबॅक म्हणून आला होता. टेक्सास टेक विद्यापीठात जाऊन तो लाइनबॅकर झाला आणि २०२५ चा बटकस पुरस्कार त्याने मिळवला. ऑसगुड यांच्या दृष्टीने पाहिले तर त्याला विसरण्यासारखे फारसे नव्हतेच. बचावाच्या मांडणीकडे समोरून पाहण्याची सवय त्याच्याजवळ होती, आणि लाइनबॅकरच्या पायांची जुनी सवय मात्र नव्हती.

संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारे ट्रान्सफर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. पूर्वी संघ बदलणाऱ्याला सहसा एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एका बदलीपुरती आणि २०२४ मध्ये अभ्यासाची अट पूर्ण करणाऱ्यांसाठी सर्वच बदल्यांपुरती ही अट उठली. खेळाडूच्या हक्काच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्या सक्तीच्या वर्षात जुनी सवय मोडायला जो अवधी मिळे, तो गेला. आता जानेवारीत आलेल्या खेळाडूच्या हाती वसंतातील १५ सराव आणि उन्हाळ्याचे शिबिर एवढेच असते.

म्हणून सप्टेंबरमधील पहिल्या सामन्यांत मी अशा खेळाडूच्या टॅकलांकडे पाहत नाही, डाव सुरू झाल्यावर पडणाऱ्या त्याच्या पहिल्या पावलाकडे पाहतो. पाऊल बरोबर पण उशिरा पडत असेल, तर नवा नियम त्याला कळला आहे आणि तो अजून आठवावा लागतो आहे; सरावाने तो वेळ कमी होईल. पाऊल झटकन पण चुकीच्या बाजूला पडत असेल, तर त्याच्या पायांत अजून जुनाच संघ आहे, आणि अशा वेळी त्याला बाकावर बसवण्याऐवजी काही आठवडे त्याच्या वाट्याला मोजकीच कामे देणारा प्रशिक्षक मला जाणता वाटतो.