गुलाबी बोंडअळीचं लग्न, सातव्या आणि अकराव्या घरात

ऑगस्ट उजाडला की परभणी-जालन्याकडच्या कापसात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, टांगलेले दिसतात, आणि त्यांच्यामागून एक तक्रार येते: पंधरा दिवस झाले, पतंग एकही पडला नाही, सापळ्यातली गंधाची गोळी बोगस निघाली. गोळी बोगस असूही शकते. पण आधी पुडीवरचं नाव वाचावं. घाटेअळीच्या गंधाची गोळी, हेलिल्यूर, कापसात लावून गुलाबी बोंडअळीच्या नराची वाट पाहत बसलो तर हंगाम संपला तरी तो यायचा नाही. गुळाच्या ढेपेवर माशी, मुंगी, गांधीलमाशी सगळेच येतात. कामगंध तसा नाही. तो एकाच जातीच्या मादीने एकाच जातीच्या नरासाठी बनवलेला असतो. कशापासून, तर साध्या चरबीपासून.

ज्यांच्याकडे रेशीम आहे त्यांना हे घरी पाहता येतं. जालना-बीडकडचे शेतकरी कोष बाजारात घालून मोकळे होतात, त्यामुळे आतला पतंग सहसा कुणी पाहत नाही. पाच-सहा कोष बुटाच्या खोक्यात ठेवून द्यावेत. दहा-पंधरा दिवसांत पतंग बाहेर पडतात. मादी पोटाने जाड, बसल्या जागेवरून फारशी हलत नाही. थोड्या वेळाने तिच्या शेपटाकडून दोन पिवळसर फुगे बाहेर येतात. याच कामगंधाच्या ग्रंथी. शेजारचा नर पंख फडफडवत, नागमोडी चालत तिच्याकडे निघतो. मादी उचलून घेतली तरी ती बसली होती त्या कागदाभोवती तो घुटमळत राहतो.

याच पतंगापासून जगातला पहिला कामगंध ओळखला गेला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनान्ट यांनी सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथी जमवल्या, २० वर्षं खर्ची घातली आणि १९५९ मध्ये त्यातून जेमतेम काही मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ हाती आला: बॉम्बिकॉल. मादीकडे हा माल नॅनोग्रॅमच्या हिशेबात असतो, आणि १ मिलिग्रॅम म्हणजे १० लाख नॅनोग्रॅम. नराला एवढंही पुष्कळ होतं. त्याच्या मिशीवरच्या एका चेतापेशीला चेतवायला बॉम्बिकॉलचा एक रेणू पुरतो.

बोंडअळीच्या किंवा घाटेअळीच्या मादीत असे फुगे नसतात. पोटाच्या आठव्या आणि नवव्या खंडाच्या मधलं मऊ कातडं हीच तिची ग्रंथी. एरवी ते घडी होऊन आत असतं. रात्री मादी शेपूट ताणून ते उघडं करते आणि वारा उरलेलं काम करतो.

आता खरी गंमत, त्या कातड्यातल्या पेशींमध्ये चालणारी. तूप थंडीत थिजतं, करडईचं तेल थिजत नाही. दोन्हींत मेदाम्लं असतात, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. तुपातल्या बहुतेक साखळ्या सरळ असतात, त्या चळतीसारख्या एकमेकींवर नीट बसतात. तेलातल्या साखळ्यांत मध्येच दुहेरी बंध असतो, तिथे साखळी वाकते आणि चळत रचता येत नाही. हा बंध बसवणारी विकरं (एन्झाइम) प्राण्यांमध्ये सर्रास आढळतात. तुमच्याआमच्या यकृतातही एक आहे. ते १८ कार्बनच्या स्टिअरिक आम्लात नवव्या कार्बनपाशी बंध घालून ओलेइक आम्ल करतं. शेंगतेलात भरपूर असतं तेच हे.

पतंगांच्या ग्रंथीत याच विकराचा एक चुलतभाऊ आहे. तो नववा कार्बन सोडतो आणि अकराव्यावर बंध घालतो. त्याचं नाव डेल्टा-११ डिसॅच्युरेज. दुसरं हत्यार कात्रीचं: साखळीच्या आम्लाच्या टोकाकडून एका वेळी दोन कार्बन कापायचे. क्रमांक त्याच टोकापासून मोजतात, म्हणून एक कात्री चालली की बंधाचा आकडाही दोनने उतरतो. तिसरं काम टोकाचं. आम्लाचं अल्कोहोल करायचं, मग त्याचं अल्डिहाइड किंवा असिटेट. एवढ्या तीन कामांत आपल्या शिवारातल्या तीन किडी वेगळ्या होतात.

घाटेअळी घ्या. १६ कार्बनचं पामिटिक आम्ल, जे सरकीच्या तेलातही बऱ्यापैकी असतं, त्याच्या अकराव्या जागी बंध बसला आणि टोकाचं अल्डिहाइड झालं की तिचा मुख्य घटक तयार. तेच विकर १८ कार्बनच्या साखळीवरही बसतं. तिथे अकरावर बंध घालून एकदा कात्री चालवली की १६ कार्बन आणि नवव्या जागी बंध. हा तिचा दुय्यम घटक. मुख्य आणि दुय्यम यांचं प्रमाण ९७ ला ३. तिच्याच गणातली एक बहीण हेच दोन पदार्थ जवळपास उलट्या प्रमाणात सोडते, आणि तेवढ्यावर नर आपली मादी ओळखतात. मक्यावरची लष्करी अळी हेच पामिटिक घेते, अकरावर बंध घालते, मग कात्री: १४ कार्बन, नववी जागा, टोकाला असिटेट.

गुलाबी बोंडअळी मात्र उलट्या टोकाने सुरुवात करते. तिची कात्री आधी चालते, बंध नंतर. तयार ओलेइक आम्लाचे दोन कार्बन कापले की १८ चे १६ आणि नऊचे सात. मग डेल्टा-११ येऊन अकराव्या जागी दुसरा बंध घालतो. इथे तो थोडा बेशिस्त आहे, कधी साखळी एका अंगाला वळवतो, कधी दुसऱ्या. त्यामुळे दोन जुळे रेणू साधारण निम्मे निम्मे तयार होतात, आणि नराला दोन्ही लागतात. १९६६ मध्ये अमेरिकेत या किडीचा म्हणून एक वेगळाच रेणू जाहीर झाला होता. तो शेतात चालला नाही. खरी जुळी जोडी १९७३ मध्ये सापडली. तिचं नाव गॉसिप्ल्यूर.

बंध सातव्या आणि अकराव्या घरात, हे वाचून एखादा ज्योतिषी खुलेल: सप्तमस्थान विवाहाचं, अकरावं लाभाचं! कुंडलीतले आकडे जुळवायला कुणीही पकडता येतो. इथला बंध एक घर सरकला तर नर फिरकत नाही, आणि ते शेतात तपासता येतं. फोनवर विकायला येणारी माणसांची ‘फेरोमोन अत्तरं’ त्याच पत्रिकेच्या जातीची. माणसात असा एकही रेणू आजवर सिद्ध झालेला नाही.

कारखाना रात्रंदिवस चालत नाही. मादीच्या घशाखालच्या चेतागंडात ३३ अमिनो आम्लांचं एक संप्रेरक बनतं, पीबॅन. घाटेअळीच्या अमेरिकी बहिणीत ते १९८९ मध्ये ओळखलं गेलं. अंधार पडला की ते रक्तात उतरतं, ग्रंथीच्या पेशींत कॅल्शियम शिरतं आणि मेदाम्लांचं काम सुरू होतं. मादीची मान दोऱ्याने आवळली तर कामगंध थांबतो. संप्रेरक टोचलं तर डोक्याविनाही पुन्हा सुरू होतो. मीलन झालं की नराकडून आलेला द्रव काही तासांत दुकान बंद पाडतो.

एवढं कळलं की सापळ्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. अल्डिहाइड हवेत आणि उन्हात बिघडून आम्ल होतं, आणि आम्लाकडे नर ढुंकून पाहत नाही. म्हणून घाटेअळीची गोळी अधिक नाजूक. कोणतीही गोळी फोडेपर्यंत पाकिटात बंद, थंड जागी ठेवावी, कीटकनाशकाच्या खोलीत नको, आणि टांगताना तंबाखू मळलेल्या बोटांनी धरू नये. रबरातून गंध हळूहळू सुटत असतो, त्यामुळे तीन-चार आठवड्यांनी ती बदलायचीच. दोन किडींच्या गोळ्या एका सापळ्यात घालू नयेत, मिश्रणाने दोघांचेही नर गोंधळतात.

लागवडीनंतर ४५ दिवसांनी हेक्टरी ५ सापळे लावावेत, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर. कपाशी वाढली आणि सापळा तिथेच राहिला की तो पानांत बुडतो आणि गंधाची दोरी तुटते. पिशवीचं खालचं टोक काठीला ताणून बांधावं. ती लोंबत राहिली तर पतंग परत वर चढतात. सकाळी मोजायचे आणि टाकून द्यायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. फवारणीची तारीख अमावस्येवरून काढण्यापेक्षा हा आकडा बरा.

सापळ्यात पडतात ते फक्त नर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे निम्मे पकडले तरी अंडी निम्मी होत नाहीत. हेक्टरी २० सापळे लावून नर वेचण्याचा उपाय कीड कमी असताना आणि शिवारभर केला तरच थोडा चालतो. आणखी एक फसगत आहे. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, भरपूर दिसतात आणि सापळा मात्र रिकामा. किडीचा भर असताना शेतात शेकडो खऱ्या माद्या गंध सोडत असतात, त्या गर्दीत तुमची एक गोळी हरवते. अशा वेळी २० हिरवी बोंडं फोडून पाहावीत. आतली अळी बाहेरून दिसत नाही. गंधाने सगळं शेत भरून नरांना चकवण्याची पद्धतही आहे, पण दोन एकरांच्या तुकड्यात ती फसते, कारण फळलेली मादी शेजारच्या बांधावरून उडून येते.

फरदड ठेवलेल्या, म्हणजे हंगाम संपूनही कपाशी उभी राखलेल्या शेतातली, पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) ढिगातली आणि जिनिंगच्या सरकीतली अळी उन्हाळा झोपून काढते. जिनिंगच्या आवारात टांगलेल्या सापळ्यात मेमध्ये पतंग पडू लागतात. त्याच सरकीतून निघालेल्या माद्याही तेव्हा ग्रंथी ताणून बसलेल्या असतात. मीलन होतं, पण अंडी घालायला पाते, म्हणजे कपाशीच्या कळ्या, लागतात. आसपास मे महिन्यात पाण्यावर लावलेली कपाशी नसेल तर त्या रिकाम्याच मरतात.