तज्ज्ञांना आधी वेगवेगळे विचारा

अवघड प्रश्नावर तज्ज्ञांचे मत घ्यायचे म्हटले की आपण त्यांची बैठक बोलावतो. तेथे सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती बहुधा आधी बोलते, तिने सांगितलेला आकडा इतरांच्या मनात घर करतो आणि वेगळे मत घेऊन आलेला तज्ज्ञही आपला अंदाज नकळत त्या आकड्याजवळ नेऊन ठेवतो.

ही अडचण ओळखून ओलाफ हेल्मर आणि नॉर्मन डाल्की यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेत ‘डेल्फी’ पद्धत आकाराला आणली. एका सुरुवातीच्या प्रयोगात सात तज्ज्ञांना विचारले होते, की सोव्हिएत युद्धनियोजकाच्या नजरेने पाहता अमेरिकेचे शस्त्रास्त्र-उत्पादन ठरावीक प्रमाणात घटवायला किती अणुबॉम्ब लागतील. पहिली उत्तरे ५० पासून ५,००० पर्यंत पसरली होती. तज्ज्ञांना समोरासमोर मात्र आणले नाही; प्रश्नावल्या आणि मुलाखतींमधून त्यांची गृहीतके व कारणे काढून घेतली, ती नावे न सांगता इतरांपुढे ठेवली आणि पुन्हा अंदाज मागितले. अखेरीस उत्तरे १६७ ते ३६० यांच्या दरम्यान आली. हा प्रयोग १९६३ साली प्रसिद्ध झाला.

उत्तरे जवळ आली म्हणून ती खरी ठरतात असे नाही, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल एकमतात नसून कारणे उघड होण्यात आहे. सर्वांपासून दूर असलेल्या तज्ज्ञाला ‘असे का वाटते?’ हे आवर्जून विचारावेच लागते, कारण इतरांच्या लक्षात न आलेली बाब कदाचित त्यालाच ठाऊक असते.

अंदाज एकत्र करतानाही काळजी हवी. पाच जणांनी २०, २५, ३०, ४० आणि २०० असे आकडे दिले, तर सरासरी ६३ येते, म्हणजे चौघांच्या अंदाजांहून कितीतरी जास्त. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र ३० येतो. म्हणूनच डेल्फीमध्ये मध्यकाला पसंती मिळते.

गणितज्ञ रॉजर कुक यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या पद्धतीत तज्ज्ञांना काही असे प्रश्नही विचारतात, ज्यांची उत्तरे विचारणाऱ्याकडे आधीच असतात किंवा नंतर पडताळता येतात. या उत्तरांत ज्याने आपली अनिश्चितता नेमकी जोखली, म्हणजे आपल्या उत्तराची किती खात्री धरावी हे बरोबर ओळखले, त्याच्या मुख्य अंदाजाला अधिक वजन मिळते. पदवी आणि ज्येष्ठता त्या हिशेबात धरली जात नाही.