कॅडी, स्कॉटिश

गोल्फ खेळणाऱ्याच्या काठ्या वाहून नेणारा आणि खेळ चालू असताना त्याला सल्ला देणारा मदतनीस. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज, मसलबरा, लीथ, प्रेस्टविक अशा किनाऱ्यालगतच्या मैदानांवर हा व्यवसाय घडला आणि तिथून जगभर गेला. वरकरणी हे हमालीचे काम दिसते. प्रत्यक्षात पैसे मिळतात ते मैदानाच्या माहितीचे : कुठे मारायचे, कोणत्या काठीने, आणि आज वारा काय करणार आहे.

खेळाच्या नियमांतही कॅडीला वेगळे स्थान आहे. एरवी खेळाडूला कोणाचा सल्ला घेता येत नाही, पण कॅडीचा घेता येतो. उलट कॅडीने नियम मोडला तर दंड खेळाडूच्या माथी बसतो. २००१ च्या ब्रिटिश ओपन या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी इयान वूसनम आघाडीवर होता. दुसऱ्या होलवर, म्हणजे एका भोकापर्यंतच्या खेळाच्या दुसऱ्या टप्प्यावर, कॅडीच्या लक्षात आले की पिशवीत चौदाऐवजी पंधरा काठ्या आहेत. दोन फटक्यांचा दंड बसला आणि अखेर तो संयुक्त तिसरा आला.

अठराव्या शतकात एडिंबरोच्या रस्त्यांवर निरोप पोचवणारे, पाणी भरणारे, सामान उचलणारे लोक कॅडी म्हणून ओळखले जात. शहराच्या गल्लीबोळांची त्यांना खडान्‌खडा माहिती असे आणि परक्या माणसाला त्यांच्यावाचून पर्याय नसे. गोल्फच्या मैदानावर हेच नाते आले. त्याआधी, १६८०च्या दशकाच्या सुरुवातीला, लीथच्या मैदानावर ड्यूक ऑफ यॉर्कच्या काठ्या अँड्र्यू डिक्सन नावाचा मुलगा वाहत असे आणि चेंडू कुठे पडतो ते पाहायला पुढे धावत असे. नावानिशी माहीत असलेला हा पहिला कॅडी मानतात. पुढे तो काठ्या बनवणारा कारागीर झाला. पुढे धावण्याला तेव्हा फार महत्त्व होते. चामड्याच्या आवरणात पिसे ठासून भरलेला चेंडू बनवायला कारागिराला बराच वेळ लागे. असा महागडा चेंडू झुडपात हरवणे परवडत नसे. १८४८ च्या सुमारास गट्टापर्चा या झाडाच्या चिकाचे स्वस्त चेंडू आले आणि ही निकड कमी झाली.

पिशव्या रूढ झाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तोवर कॅडी साताठ काठ्या मोळीसारख्या काखेत मारून चालत असे. लोखंडी पाती गंजत, म्हणून ती घासूनपुसून लख्ख ठेवणे हे त्याचेच काम. प्रत्येक होलच्या सुरुवातीला ओल्या वाळूची पेटी ठेवलेली असे. कॅडी वाकून चिमूटभर वाळू घेई, बोटांनी तिची बोटाच्या पेरापेक्षाही लहान ढिगळी करी आणि तिच्या टोकावर चेंडू अलगद बसवी. ढिगळी किती उंच हवी हे खेळाडूगणिक आणि काठीगणिक बदले. चांगल्या कॅडीला ते विचारावे लागत नसे. लाकडी खुंट्या सर्रास वापरात आल्यावर, १९२०च्या दशकापासून, ही कला संपली.

सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स पाहिले की कॅडी चैनीचा का नाही ते कळते. सपाट, झाडे नसलेले, समुद्राकाठचे माळरान. नवख्याला सगळीकडे सारखेच दिसते. वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, शंभराहून अधिक आहेत, आणि त्यांतले कित्येक फटका मारण्याच्या जागेवरून दिसतच नाहीत. याचे कारण गमतीचे आहे : हे मैदान पूर्वी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेही खेळले जाई. आता उलट दिशेने खेळतात, त्यामुळे एके काळी समोर दिसणारे खड्डे उंचवट्यांच्या पाठीमागे लपले आहेत. अशा वेळी कॅडी भोकात रोवलेल्या ध्वजाकडे बोट दाखवत नाही. गावातला एखादा मनोरा किंवा हॉटेलची खिडकी दाखवून त्यावर नेम धरायला सांगतो. पाहुण्याला ते वेडेपणाचे वाटते. ज्याने ऐकले नाही तो खड्ड्यात उतरल्यावर शहाणा होतो.

जुन्या कॅडींबद्दल जे लिहून ठेवले आहे ते बहुतेक त्यांना भाड्याने घेणाऱ्या सभ्य गृहस्थांनी. म्हणून लाल नाकाचा, तिरकस बोलणारा, संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात सापडणारा म्हातारा हे चित्र पक्के बसले. ते खोटे नाही. काम हंगामी, हिवाळ्यात हात रिकामे, मिळकत रोजच्या रोज. दारूचा प्रश्न खराच होता. पण या लोकांचे विनोद जेवढे जपले गेले तेवढे त्यांचे कसब कोणी नोंदले नाही, ही खंत राहतेच. सेंट अँड्र्यूजच्या लँग विलीचा एक किस्सा मात्र दोन्हीला पुरतो. उंच टोपी घालणारा हा लांबलचक माणूस विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला खेळ शिकवत होता. पंडितांना काही जमेना. विली म्हणाला, पोरांना लॅटिन आणि ग्रीक कोणीही शिकवेल, गोल्फला मात्र डोके लागते.

या वर्गातून वर गेलेलेही आहेत. डेव्हिड अँडरसन ऊर्फ ‘ओल्ड डॉ’ याने म्हातारपणी ओल्ड कोर्सवर जिंजर बियरची गाडी लावली. चौथ्या होलला आजही तेच नाव आहे. त्याचा मुलगा जेमी याने १८७७ ते १८७९ अशी सलग तीन वर्षे ब्रिटिश ओपन जिंकली. मसलबराचा ‘फायरी’ मात्र शेवटपर्यंत कॅडीच राहिला : तांबडाबुंद चेहरा, डोक्यावर स्कॉटिश टोपी, आणि १८८७ व १८८९ चा विजेता विली पार्क ज्युनियर याच्या मागे मुकाट चालणे. टोपणनावाने ओळखले जाणे हा या पेशाचा रिवाजच. खरे नाव पुष्कळदा फक्त घरच्यांना ठाऊक.

जुन्या घराण्यातला शेवटचा मोठा कॅडी म्हणून जेम्स ऊर्फ टिप अँडरसनचे नाव घ्यावे लागेल. जन्म सेंट अँड्र्यूजचा, बापही कॅडी, आणि टोपणनावसुद्धा बापाकडूनच आलेले. १९६० मध्ये अमेरिकेचा अर्नोल्ड पामर मास्टर्स आणि यूएस ओपन या स्पर्धा जिंकून ब्रिटिश ओपनसाठी पहिल्यांदा सेंट अँड्र्यूजला आला, तेव्हा पिशवी टिपकडे आली. पामर एका फटक्याने केल नेगलकडून हरला. जोडी मात्र जमली. पुढच्या वर्षी रॉयल बर्कडेलला आणि १९६२ मध्ये ट्रूनला पामर जिंकला, दोन्ही वेळा टिप सोबत.

टिपची खरी परीक्षा पामरच्या गैरहजेरीत झाली. १९६४ मध्ये ब्रिटिश ओपन पुन्हा सेंट अँड्र्यूजला होती, पण पामर आला नाही. त्याने टोनी लेमा या अमेरिकन खेळाडूला आपला कॅडी घ्यायला सांगितले. लेमा स्पर्धेच्या तोंडावर पोचला. मैदान धड फिरून पाहायलाही त्याला वेळ नव्हता, त्यात सोसाट्याचा वारा. अमेरिकन खेळाडूंना चेंडू उंच उडवून भोकाभोवतीच्या हिरवळीवर थांबवायची सवय. इथे तो जमिनीलगत घरंगळत न्यावा लागतो. टिपने दिशा दाखवायची, काठी हातात द्यायची, लेमाने तशी मारायची, असे चार फेऱ्या चालले. लेमा २७९ फटक्यांत जिंकला, जॅक निक्लसला पाच फटक्यांनी मागे टाकून. आपल्या यशाचे श्रेय त्याने कॅडीला मोकळेपणाने दिले. दोनच वर्षांनी विमान अपघातात तो गेला. टिप २००४ मध्ये वारला.

टिपच्या पिढीचे कॅडी अंतर डोळ्यांनी मोजत. आकडा सांगत नसत, काठी पुढे करत. पावलांनी मोजलेल्या अंतरांच्या वह्या, मग लेझर यंत्रे आली. २०१९ च्या नियमांनी अंतरमापकाला सर्वसाधारण मुभाच दिली. भारतातही कॅडीपासून व्यावसायिक खेळाडूपर्यंतची वाट जुनी आहे. दिल्लीचा अली शेर त्याच वाटेने येऊन १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. सेंट अँड्र्यूजला आज स्त्रियाही कॅडीचे काम करतात, आणि गिऱ्हाईक बहुतेक परदेशी पर्यटक असते. अंतर त्यांना यंत्र सांगते. ओल्ड कोर्सच्या हिरवळी मात्र प्रचंड, चौदा होलांसाठी दोन-दोन मिळून एक अशा. तीस-तीस मीटरवरून चेंडू भोकाकडे ढकलताना तो कुठे वळेल हे यंत्राला सांगता येत नाही. तिथे अजून कॅडीलाच विचारतात.