प्रतिकृती स्पोर्ट्स कार : कवच कुणाचे, सांगाडा कुणाचा

हर्णै किंवा मालवणच्या किनाऱ्यावर फायबरची होडी बांधली जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृतींची अर्धी कथा वेगळी सांगावी लागत नाही. साच्याला आधी जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर, मारायचा, त्यावर काचतंतूंची मॅट अंथरायची, हार्डनर मिसळलेले रेझिन रोलरने दाबत आतली हवा काढायची आणि असे थरावर थर चढवायचे. वाळल्यावर साच्यातून जे निघते ते हलके, न गंजणारे आणि हव्या त्या आकाराचे कवच असते. एकदा साचा हाती आला की पत्रा ठोकून वळणे काढणारा निष्णात कारागीर नसला तरी तीच वळणे पुन्हा पुन्हा काढता येतात. प्रतिकृतींचा सारा व्यवसाय या एका सोयीवर उभा राहिला आणि त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही तिथेच जन्मला, कारण साच्यातून फक्त कवच निघते.

मोटारीच्या जगात फायबर आले तेही होड्यांच्याच वाटेने. ग्लासपार ही कॅलिफोर्नियातील कंपनी फायबरच्या होड्या बनवत असे. तिच्या बिल ट्रिट यांनी १९५१ च्या सुमारास जी-२ ही फायबर बॉडीची स्पोर्ट्स कार आणली. १९५३ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेटने हे साहित्य मोठ्या कारखान्यात नेले. १९६४ मध्ये ब्रूस मेयर्स यांनी मेयर्स मँक्स ही वाळूवर पळणारी बग्गी तयार केली. तेही मूळचे होड्या बांधणारे. पुढे या बग्गीसाठी फोक्सवॅगन बीटलचा तळ, म्हणजे फ्लोअरपॅन, कापून आखूड करून वापरला जाऊ लागला आणि वरचे कवच बदलून खालचे सगळे जुन्या गाडीतून घेण्याची रीत घरोघरच्या गॅरेजांत पोहोचली.

ब्रिटनमध्ये याला करप्रणालीने हातभार लावला. तयार मोटारीवर पर्चेस टॅक्स लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. म्हणून १९५७ ची लोटस सेव्हन संचरूपात विकली गेली आणि ग्राहकांनी ती घरी जोडली. १९७३ मध्ये व्हॅट आल्यावर ही सवलत संपली, पण स्वतःच्या हाताने गाडी जोडण्याची हौस काही संपली नाही.

ज्या गाडीच्या सर्वाधिक प्रतिकृती झाल्या असतील, त्या एसी कोब्राचा इतिहास इथे थोडा थांबून पाहायला हवा. इंग्लंडच्या एसी कंपनीची एस ही हलकी, ॲल्युमिनियमच्या अंगाची गाडी घेऊन अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांनी १९६२ मध्ये तिच्यात फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवले. आधी ४.२ लिटरचे, मग ४.७ लिटरचे. १९६५ मध्ये सात लिटरचे इंजिन बसवायचे ठरले तेव्हा मात्र जुनी चेसिस, म्हणजे कवचाखालचा सांगाडा, पुरेना. तिच्या मुख्य नळ्या तीन इंचांच्या होत्या, त्या चार इंचांच्या केल्या, त्यांच्यातले अंतर वाढवले आणि आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग घेतले. इंजिनाची ताकद वाढली की सांगाडाही नव्याने आखावा लागतो, हे खुद्द मूळ गाडीच्या निर्मात्यांनी मान्य केले होते. प्रतिकृती बनवणाऱ्या अनेकांनी गाडीचे फुगीर मडगार्ड उचलले आणि हा धडा तेवढा मागे ठेवला, याची खंत वाटते.

या गाड्यांचे आकर्षण खोटे आहे असे कुणी म्हणू नये. सर्व प्रकारच्या मिळून कोब्रा सुमारे एक हजारच बनल्या. पहिली कोब्रा २०१६ च्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना गेली. भारतीय रसिकाची अडचण पैशाच्याही पलीकडची होती, कारण बराच काळ १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणून आयातीची मुभा होती आणि साठच्या दशकातल्या स्पोर्ट्स कार त्या रेषेबाहेर राहत. ज्याला रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने, डाव्या हाताला समुद्र ठेवून, उघड्या गाडीतून गणपतीपुळ्याला जायचे आहे, त्याच्यासाठी प्रतिकृती हाच जवळचा मार्ग उरतो.

पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या प्रतिकृतींत धोका अगदी मोजून दाखवता येतो. १९५४ च्या या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर २१०० मिलिमीटर होते आणि ज्या बीटलच्या तळावर तिची नक्कल सहसा उभी राहते, तिचे २४०० मिलिमीटर. म्हणजे मधले ३० सेंटिमीटर कापून दोन तुकडे पुन्हा जोडायचे. हे जोडकाम कुणी केले, वेल्डिंग आतपर्यंत उतरले की वरवर बसले, यावर गाडीचा कणा अवलंबून असतो आणि रंग व गालिचा चढल्यावर ते दिसत नाही. जुन्या बीटलच्या मागच्या स्विंग ॲक्सलमुळे, म्हणजे प्रत्येक मागचे चाक आपल्या दांड्यासह वरखाली झुलते अशा रचनेमुळे, वेगात वळताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर मागची चाके आत कलतात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. कशेडी किंवा कुंभार्ली घाट उतरताना हा स्वभाव, आणि त्याबरोबर सतत दाबून तापलेले ड्रम ब्रेक, यांचा विचार आधी करावा लागतो. शिवाय मूळ गाड्याच अशा काळातल्या, की अपघातात दबून आत जाणारा स्टिअरिंगचा दांडा अमेरिकेत १९६८ च्या नियमांनी सक्तीचा होण्यापूर्वी त्या बनल्या होत्या. नक्कल जितकी हुबेहूब, तितका तो ताठ दांडाही छातीसमोर हुबेहूब.

ब्रिटनने १९९८ पासून अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी सुरू केली. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने लहान उत्पादकाला वर्षाला ३२५ प्रतिकृतींपर्यंत सूट दिली. मात्र इंजिनाला प्रदूषणाचे चालू नियम लागू ठेवले. आपल्याकडे वाट अरुंद आहे. नव्या प्रकारच्या गाडीच्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते. नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत होतील असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०२१ च्या व्हिंटेज नियमांचा लाभ पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांनाच मिळतो, त्यामुळे नक्कल तिथेही बसत नाही. परिणामी अशा बहुतेक गाड्या खाली असलेल्या जुन्या वाहनाच्या कागदांवर फिरतात, आणि सांगाड्याची तपासणी कुणी केलेली नसते.

कोकणात यात खाऱ्या हवेची भर पडते. फायबर गंजत नाही म्हणून गाडी दहा पावसाळ्यांनंतरही नवी दिसते, पण आतल्या लोखंडी नळ्यांत शिरलेला ओलावा तिथेच राहतो. गेल्या मे महिन्यात गुहागर तालुक्यातल्या एका लग्नात वरातीसाठी आणलेल्या जुन्या धाटणीच्या लाल गाडीखाली मी मालकाच्या परवानगीने टॉर्च घेऊन पाहिले. सीट बेल्ट नवा, चांगल्या प्रतीचा होता. त्याचा बोल्ट मात्र फायबरच्या तळातून सरळ खाली उतरला होता, त्याला रुपयाच्या नाण्याएवढा वॉशर होता, आणि चेसिसची नळी तिथून वीतभर लांब होती.