चावलेलं कुत्रं मळ्यावर पाठवू नका

आमच्याकडे कुत्री-मांजरं आंघोळीला, नखं कापायला आणि घरचे गावी गेले की राहायला येतात. गेल्या दिवाळीत नखं कापताना एका लॅब्राडॉरने आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाच्या अंगठ्याला दात लावला. मालक फोनवर म्हणाले, "लस झालीय हो त्याची." पुस्तिका मागवली, तर शेवटचा शिक्का अडीच वर्षांपूर्वीचा. मुलगा त्याच दुपारी रेबीजची सुई टोचून घेऊन आला. चार दिवसांनी कुत्र्याची चौकशी केली, तर कळलं, "दिला पाठवून दिंडोरीला मळ्यावर. घरात लहान मूल आहे ना." तेव्हाच हे पत्रक छापायचं ठरलं.

मळ्यावर गेलेलं कुत्रं नजरेआड होतं, आणि नेमकं तेच नको असतं. रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूत जातो आणि तिथून लाळेत उतरतो. कुत्र्या-मांजराच्या लाळेत तो उतरला की ते जनावर साधारण दहा दिवसांत आजारी पडून मरतं. म्हणजे दहा दिवस उलटल्यावरही ते धडधाकट असेल, भाकरी खात असेल, तर चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. हे दहा दिवस त्याला घरातच वेगळं बांधा आणि खायला एकाच मोठ्या माणसाने घाला. खाणं टाकलं, आवाज बदलला, लाळ गळू लागली, अंधारात दडून बसलं किंवा मागचे पाय लुळे पडले, तर हात न लावता पशुवैद्यकांना बोलवा. मेलं तर गुपचूप पुरू नका, मेंदूचा नमुना तपासता येतो. आणि चावल्यावर घाईघाईने कुत्र्याला लस टोचून झालेला चावा काही मागे जात नाही.

कुत्र्यावर नजर दहा दिवस, पण माणसाची सुई त्याच दिवशी. आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून धुवा, आपली पंधरा मिनिटं दोनच असतात. हळद, चुना, मिरचीपूड, तपकीर यातलं काही भरू नका. मग सिव्हिल किंवा महापालिकेचं रुग्णालय गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता जुनी झाली. दंडावर त्वचेच्या थरातच ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस देतात. रक्त आलं असेल तर जखमेतच वेगळं प्रतिद्रव्यही (रेबीज इम्युनोग्लोब्युलिन) भरावं लागतं, ते मागून घ्या. दहा दिवसांनी कुत्रं ठणठणीत राहिलं तर पुढच्या सुईचं डॉक्टर ठरवतील, आपण नाही. सप्तशृंगी गडावर माकडाने ओरबाडलं तरी सुई घ्यायचीच, तिथे दहा दिवसांचा हिशोब लागू नाही.

भटकं कुत्रं असेल तर महापालिकेच्या पशुसंवर्धन विभागाला कळवा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रंही मारता येत नाही, त्याला वेगळं ठेवतात. कानाला खाच असेल तर नसबंदी झाली आहे आणि त्या वेळी लसही दिलेली असते. पण ती वेळ कधीची, हे खाच सांगत नाही. खाच पाहून सुई टाळू नका.

पाळीव कुत्र्याची महापालिकेत नोंदणी करा. जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता आमचा नियम. वर्षाच्या आतला रेबीजचा शिक्का नसेल तर जनावर ठेवून घेत नाही, मग ओळख कितीही जुनी असो. आमच्याकडे ते कुणाला चावलं, तर दहा दिवस एकतर इथेच राहील किंवा तुमच्या घरी, आणि घरी नेलंत तर रोज सकाळी खातानाचा व्हिडिओ पाठवायचा. पुस्तिका विसरलात तर मोबाइलवरचा फोटो चालेल, फक्त तारीख वाचता आली पाहिजे.